टीएनएफ दिलं, तरी पेशी मरत का नाहीत?

खारघरच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रापासून ठाण्याच्या कॉलेजांपर्यंत, कॅन्सर बायोलॉजीचा प्रोजेक्ट हातात घेतलेली मुलं पहिल्या महिन्यात हमखास इथे अडतात. हेला पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या कॅन्सरच्या पेशी) टीएनएफ, म्हणजे पेशीला मारूही शकणारं संदेशवाहक प्रोटीन, टाकलं, २४ तासांनी पाहिलं, तर प्लेट मजेत वाढतेय. संशय लगेच टीएनएफच्या कुपीवर. कुपी बहुधा ठीकच असते. टीएनएफने त्याचं काम केलेलं असतं, पण ते काम जनुकं चालू करण्याचं होतं.

टीएनएफ पेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला चिकटलं की काही मिनिटांत आतल्या बाजूला ट्रॅड, ट्रॅफ-२, सीआयएपी आणि आरआयपीके-१ ही प्रोटीन्स जमतात. आरआयपीके-१ वर युबिक्विटिन या छोट्या प्रोटीनच्या साखळ्या चढतात, त्यांवर टॅक-१ आणि आयकेके ही काइनेज (फॉस्फेट लावणारी एन्झाइम्स) येऊन बसतात. आयकेके एनएफ-कप्पा-बीला अडकवून ठेवणाऱ्या आयकप्पाबी-अल्फाच्या ३२ आणि ३६ व्या सेरीनवर फॉस्फेट लावतं. ते प्रोटीन मोडीत निघतं आणि मोकळं झालेलं, जनुकं चालू करणारं एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरतं. तिथे सी-फ्लिप, सीआयएपी-२, बीसीएल-एक्सएल ही पेशीला जगवणारी जनुकं चालू होतात, आयएल-८ सारखी दाहाचीही. गाठीला दोन्ही सोयीची.

युबिक्विटिन चढलंच नाही किंवा उतरलं, तर तेच आरआयपीके-१ फॅड हे प्रोटीन आणि कॅस्पेस-८ (प्रोटीन कापणारं एन्झाइम) यांना जाऊन मिळतं आणि पेशी ॲपॉप्टोसिसने, म्हणजे कॅस्पेसनी घडवलेल्या शिस्तबद्ध मृत्यूने, मरते. कॅस्पेस-८ मग आरआयपीके-१ ला ३२४ व्या ॲस्पार्टेटपाशी कापतं, म्हणजे त्याच्यावरून जाणारा संदेशही तुटतो. कॅस्पेस अडवलं तर तिसरी वाट नेक्रॉप्टोसिसची, म्हणजे कॅस्पेसशिवायच्या मृत्यूची, पण त्यासाठी आरआयपीके-३ लागतं. हेलामध्ये ते नसतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? नेक्रॉप्टोसिस बघायचं असेल तर एचटी-२९ या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी घ्या.

कॅस्पेस-८ बद्दल पाठ्यपुस्तकं फारच एकसुरी लिहितात. बऱ्याच न्यूरोब्लास्टोमांत (लहान मुलांतल्या मज्जापेशींच्या गाठी) त्याचं जनुक मेथिलेशनने बंद असतं, हे त्यांत येतं. पण काही गाठी ते राखून ठेवतात आणि एसआरसी काइनेज त्याच्या ३८० व्या टायरोसीनवर फॉस्फेट लावून त्याला पेशींच्या हालचालीच्या कामाला जुंपतं, हे क्वचितच.

आता बेंचवर. संदेश आणि मृत्यू यांचं घड्याळ वेगळं, म्हणून प्लेटही वेगळ्या ठेवा. संदेशासाठी ०, ५, १५, ३०, ६० मिनिटं. मृत्यूसाठी ४, ८, २४ तास. टीएनएफ १० ते २० नॅनोग्रॅम प्रति मिलि. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रोटीन पट्ट्यांत दाखवणारी चाचणी) आयकप्पाबी-अल्फाचा बँड १५ मिनिटांत जवळजवळ नाहीसा होतो आणि ६० मिनिटांच्या आसपास परत येतो, कारण त्याचं स्वतःचं जनुकही एनएफ-कप्पा-बीच चालू करतं. एकच ६० मिनिटांचा नमुना घेतला तर ‘काहीच झालं नाही’ असा निष्कर्ष निघतो, आणि तो साफ चुकीचा. सोबत सायक्लोहेक्सिमाइडची (नवी प्रोटीन्स बनणं थांबवणारं रसायन) लेन ठेवाच: १० मायक्रोग्रॅम प्रति मिलि, टीएनएफच्या अर्धा तास आधी. नवं सी-फ्लिप बनत नाही आणि त्याच हेला काही तासांत मरू लागतात. २० मायक्रोमोलर झेड-व्हॅडने (कॅस्पेस अडवणारं रसायन) त्या वाचल्या, तर मृत्यू कॅस्पेसचाच. एचटी-२९ ला टीएनएफ, स्मॅक मिमेटिक (सीआयएपी काढून टाकणारं औषध) आणि झेड-व्हॅड तिन्ही द्या. नेक्रॉप्टोसिस घडवणाऱ्या एमएलकेएल प्रोटीनच्या ३५८ व्या सेरीनवर फॉस्फेट दिसायला हवं आणि आरआयपीके-१ अडवणाऱ्या नेक्रोस्टॅटिन-१ ने पेशी वाचायला हव्यात.

सगळ्यात जास्त डेटा सिंकमध्ये जातो. मरणाऱ्या पेशी सुटून मीडियात तरंगतात, आणि धुताना नेमक्या त्याच ओतल्या जातात. मीडिया ३०० जी वर ५ मिनिटं फिरवा आणि पेलेट चिकटलेल्या पेशींच्या लायसेटमध्येच मिसळा. कॅस्पेस कापतात त्या पार्प प्रोटीनचा ११६ किलोडाल्टनचा बँड ८९ वर आलेला तेव्हाच नीट दिसतो. मरणाऱ्या पेशी रंगवणाऱ्या ॲनेक्झिन-व्ही ला कॅल्शियम लागतं, पेशी सोडवायला वापरलेल्या ट्रिप्सिनमधलं, कॅल्शियम पकडून ठेवणारं ईडीटीए मागे राहिलं तर रंगच चढत नाही. केंद्रकाच्या नमुन्यात लोडिंग कंट्रोल (सगळ्या लेनमध्ये सारखंच प्रोटीन घातलं का, हे दाखवणारा बँड) म्हणून केंद्रकाच्या आवरणातलं लॅमिन घेताय? कॅस्पेस लॅमिनही कापतात. मृत्यूच्या लेनमध्ये बँड फिका दिसला की सगळे लोडिंगला दोष देतात.

आणि पावसाळ्यात डीएमएसओची (इनहिबिटर ज्यात विरघळवतात तो द्रव) कुपी फ्रीजरमधून काढून गारच उघडू नका. जुलैतल्या नवी मुंबईच्या हवेतली ओल ते लगेच ओढून घेतं, मग इनहिबिटरच्या मात्रेचा भरवसा नाही. कुपी पूर्ण वितळून खोलीच्या तापमानाला आली की मगच झाकण काढा, आणि पहिल्याच दिवशी १० मायक्रोलिटरचे भाग करून ठेवा.