केस विंचरले की दहा मिनिटं आडवं

थकवा थकवा म्हणतात पण त्याचे किती प्रकार असतात हे बायपासच्या आधी कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. आता एकेकाला चेहऱ्यावरून ओळखते. चालून आल्यावर येतो तो खरं तर बरा, पाय भरून येतात, थोडी धाप लागते, खुर्चीत टेकलं की थोड्या वेळात उतरतो. आंघोळीनंतरचा मात्र कमालच आहे. बादलीभर पाण्याची आंघोळ, त्यात माणूस इतका दमतो? तर हो, दमतो. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी खाली येतं, त्यात बीपीच्या गोळ्या चालू, वर हात उचलायचे, वाकायचं, पाय पुसायचे. आता स्टूल ठेवलंय, पाणी कोमट, कडी लावायची नाही, कपडे आधीच हाताशी काढून ठेवायचे, आणि आंघोळ झाल्या झाल्या दुसरं काहीही काम नाही. केस नंतर. केस विंचरायला दोन्ही हात वर धरावे लागतात ना, तेवढ्यानेच छाती ओढली जाते आणि खांदे भरून येतात. म्हणून अर्धे विंचरायचे, थांबायचं, मग उरलेले, आणि सगळे झाले की सरळ आडवं व्हायचं. लाज वाटायची सुरवातीला. आता वाटत नाही.

आज सकाळपासून जरा बरं आहे म्हणून लिहायला बसलेय, जमेल तेवढं लिहीन.

सगळ्यांना वाटतं ऑपरेशन झालं म्हणजे प्रॉब्लेम संपला, ब्लॉकेज होते ते बायपास केले, आता तर आधीपेक्षा जास्त ताकद यायला पाहिजे. येणाऱ्यांपैकी प्रत्येक जण म्हणतो, अगं चेहरा किती छान दिसतोय. चेहरा छानच आहे हो, पण छातीचं हाड मधोमध कापून तारांनी बांधलंय, ते सांधायलाच ६ ते ८ आठवडे, पुरतं पक्कं व्हायला ३ महिन्यांच्या आसपास लागतात. पायातली शीर काढलीय, त्या पायाला संध्याकाळी सूज येते. छातीच्या आतली एक धमनी वळवून हृदयाला जोडलीय, त्यामुळे डाव्या बाजूला बधिर आहे. एवढी सगळी दुरुस्ती शरीर आतल्या आत करतंय तर बाहेरच्या कामाला शक्ती कुठून उरणार? हे मला पटायला वेळ लागला नाही, घरच्यांना लागला.

डॉक्टरांनी रिपोर्ट दाखवला, हिमोग्लोबिन बरंच खाली आलेलं. ऑपरेशनमध्ये रक्त जातं आणि हृदय-फुप्फुसांचं काम बाहेरून करणाऱ्या मशीनवर ठेवल्यावर ते पातळही होतं. लोहाच्या गोळ्या सुरू आहेत पण त्यांचा परिणाम दिसायला कित्येक आठवडे जातात म्हणे, नव्या पेशी तयार व्हायला लागतातच तेवढे. हे कळल्यावर मला एकदम हलकं वाटलं. म्हणजे मी ढिली पडले नाहीये, रक्तच कमी आहे.

दुसरं कारण गोळ्या. हृदयाचे ठोके आवरून धरणारी गोळी असते ना, बीटा ब्लॉकर, तिने काहींना गळून गेल्यासारखं वाटतं, हातपाय गार, सकाळी डोळे उघडत नाहीत. मी डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी बीपी आणि नाडी बघून डोस थोडा बदलला. आपल्या मनाने मात्र एकही गोळी कमी करायची नाही, ही विशेषतः एकदम बंद केली तर ठोके उसळू शकतात. एक नात्यातली बाई म्हणाली, मी तर सोडून दिली बाई, मला काही झालं नाही. अशा लोकांना बायपासच्या पेशंटजवळ बसूच देऊ नये.

भेटायला येणाऱ्यांचं वेगळंच लिहायला हवं. चालण्यापेक्षा मला बोलण्याने जास्त दमायला होतं आणि हे कोणाला खरं वाटत नाही. बोलायला श्वास लागतो, श्वास घेतला की छाती ताणते, शिवाय माणसं समोर असली की पाठ ताठ ठेवून बसावं लागतं, हसावं लागतं, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते, कुठे दुखत होतं, कसं कळलं, किती ब्लॉकेज होते. आणि ते गेल्यावर मी पार रिकामी. ह्यांनी यावर एक मार्ग काढलाय, थोडा वेळ झाला की घड्याळाकडे बघून म्हणतात, "हिची पडायची वेळ झाली." वेळ झालेली असो वा नसो. लग्नाला इतकी वर्षं झाली पण इतकं गोड वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकतेय.

(मध्ये झोप काढून आले. पुढे.)

आमचे चिरंजीव मोबाइलच्या बॅटरीचं उदाहरण देतात, आई तुझी बॅटरी जुनी झालीय, जपून वापर. मला ते पटत नाही. बॅटरी चार्जिंगला लावली की भरते. इथे रात्रभर पडून राहिलं तरी सकाळी भरलेली असेलच असं नाही, उलट फार पडून राहिलं तर आणखीच गळल्यासारखं होतं कारण स्नायू झपाट्याने ओसरतात. म्हणजे नुसता आराम केला तरी थकवा आणि जास्त केलं तरी थकवा. या दोन्हींच्या मधली जागा शोधायची आणि ती रोज थोडी सरकलेली असते, हेच काय ते माझं सध्याचं काम.

त्यातल्या त्यात फसवा असतो तो चांगला दिवस. सकाळी उठल्यावर तरतरीत वाटतं, मन म्हणतं आज कपाट आवरू, आज जरा लांब जाऊ. थकवा त्या वेळी येतच नाही, दुसऱ्या दिवशी येतो, त्यामुळे कशाने आला हेही कळत नाही. म्हणून मी आता बरं वाटेल त्या दिवशीही ठरवलंय तेवढंच करते आणि वाईट दिवशीही थोडं का होईना चालतेच. कालच्यापेक्षा एखाद-दोन मिनिटं जास्त, बास. सुरवात पाच पाच मिनिटांनी केली होती, घरातल्या घरात, दिवसातून तीनचार वेळा. एकदम लांब चालण्यापेक्षा हे तुकडे मला जास्त मानवले. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, बोलता बोलता वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करायचा.

फिजिओ मला चालताना मध्येच विचारते, ६ ते २० मध्ये किती दमलात? मला वाटलं ही काय विचित्र शाळा, ० ते १० का नाही. तर ते मोजमाप गुन्नार बोर्ग नावाच्या स्वीडनच्या शास्त्रज्ञाने काढलेलं आहे, त्या आकड्याला दहाने गुणलं की साधारण नाडीचे ठोके येतात असा हिशोब, ६ म्हणजे ६०, २० म्हणजे २००. पण माझ्यासारख्या ठोक्यांच्या गोळीवर असलेल्याची नाडी वाढतच नाही फारशी, मग नाडीपेक्षा स्वतःला काय वाटतंय तेच विचारतात. ती म्हणते ११ ते १३ मध्ये राहा. मी बहुतेक वेळा १२ सांगते.

रात्र हा अजून मोठा विषय. उताणंच झोपायचं, कुशीवर वळलं की हाड बोलतं, मी जन्मभर डाव्या कुशीवर झोपणारी. खोकला आला की उशी छातीशी आवळून धरायची. दुखायची गोळी डॉक्टरांना विचारून झोपायच्या आधी घ्यायला लागले तेव्हापासून सलग झोप थोडी तरी लागते. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या वर गेली तर रात्रीचं खोबरं होतं हे नक्की. जाग आली की मी मोबाइलवर वाचत बसते (बसू नये, माहिती आहे). तसंच एकदा वाचलं की हृदय आणि फुप्फुसांचं काम बाहेरून करणारं मशीन वापरून पहिलं यशस्वी ऑपरेशन जॉन गिबनने १९५३ मध्ये केलं आणि पायातली शीर वापरून बायपास करायची पद्धत रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या सर्जनने १९६७ मध्ये अमेरिकेत रुळवली. म्हणजे माझी आजी तरुण असताना हा उपाय जगात नव्हताच. रात्री तीन वाजता हे वाचून का कोण जाणे बरं वाटलं.

डोक्याचाही थकवा असतो. पेपरातली एकच ओळ तीनदा वाचते, शब्द आठवत नाहीत, मालिकेत कोण कोणाची कोण ते सुटतं (ते तसं आधीही सुटायचंच). भूल, झोपमोड, दुखायच्या गोळ्या, सगळं मिळून होतं आणि बहुतेकांचं काही आठवड्या-महिन्यांत सुधारतं असं डॉक्टर म्हणाले. आणि रडू. कारण नसताना येतं. नळ गळतोय म्हणून रडले मी. हेही ऑपरेशननंतर खूप जणांना होतं, पण दोन आठवड्यांच्या वर मन खालीच राहिलं, कशात रस वाटेना, तर ते सांगायचं, लपवायचं नाही. लोक छातीचं दुखणं पटकन सांगतात आणि हे गिळून टाकतात. माझ्या मते हे आधी सांगावं, कारण मन बसलं की चालणं बंद होतं आणि चालणं बंद झालं की बाकी सगळंच अडतं.

सगळा थकवा साधा नसतो हेही लक्षात ठेवते. रोज सकाळी वजन करते, एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोनेक किलो वाढलं तर शरीरात पाणी साठत असू शकतं, लगेच फोन. आडवं झाल्यावर दम लागणं, ठोके वेडेवाकडे पडणं, चक्कर, ताप, जखमेतून पाणी येणं, छातीचं हाड कटकट वाजणं, यातलं काहीही असलं तर "जरा पडते, बरं वाटेल" असं म्हणायचं नाही.

पुढच्या फॉलोअपला विचारायचंय: हिमोग्लोबिन परत कधी बघायचं, जिने एका वेळी किती चढू, आणि डाव्या कुशीवर कधीपासून झोपू. तिसरा प्रश्न सगळ्यात आधी विचारणार आहे.