शिशाचा मणी आणि वांग्याची मूस

मणी खरा होता, हीच अडचण होती. अंबड तालुक्यातून आलेल्या काकांनी आमच्या भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत रुमाल सोडला. त्यात मुठीएवढा जड, चकाकणारा दगड होता, भाजलेल्या मातीच्या नळकांड्याचा काळपट तुकडा होता आणि काडेपेटीत कापसावर ठेवलेला हरभऱ्याच्या दाण्याएवढा पांढुरका मणी होता.

"सर, ह्यो मणी ह्या दगडातून माझ्या डोळ्यादेखत काढलाय. चांदी हाय म्हणतेत. तीनशे फूट बोर घेतला की शीर लागंल. संध्याकाळी इसार द्यायचाय."

मणी कसा काढला ते त्यांनी नीट पाहिलं होतं. दगडाची पूड, कोळसा, टाकणखार आणि दोन लोखंडी खिळे एका मुशीत घालून भाता मारला. गंधकाचा ठसका आला, मूस उलटी केली आणि मणी खाली पडला. यात हातचलाखी अजिबात नाही. गॅलेना हे शिशाचं खनिज, म्हणजे शिसं आणि गंधक. शुद्ध असेल तर शंभरात साडेशहाऐंशी भाग शिसंच. तापवल्यावर त्यातला गंधक लोखंड ओढून घेतं, मोकळं झालेलं शिसं तळाशी गोळा होतं आणि टाकणखार बाकीची घाण पातळ करून वर ठेवतो. ताज्या शिशाला चांदीसारखी चमक असते. ज्याने हे करून दाखवलं त्याला ही क्रिया पक्की ठाऊक होती. म्हणूनच "काका, फसवताहेत तुम्हाला" एवढं म्हणून भागणार नव्हतं. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, तर उलटंही डोळ्यांनीच दिसायला हवं.

पहिला मोह घनतेचा होतो आणि तिथेच नवशिका चुकतो. चांदीची घनता 10.5, शिशाची 11.3. मण्याचं वजन 2.10 ग्रॅम. तो दोऱ्याने पाण्यात टांगला तर चांदी असल्यास वजन 0.20 ग्रॅमने घटेल, शिसं असल्यास 0.185 ने. आमचा काटा 0.01 ग्रॅमपर्यंतच दाखवतो आणि ओल्या दोऱ्याला चिकटलेला हवेचा एक बुडबुडा तेवढा फरक सहज खाऊन टाकतो. इतक्या लहान मण्यावर घनतेचा निकाल देऊ नये.

त्यापेक्षा साधी गोष्ट आधी केली. मणी कोऱ्या कागदावर ओढला, तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली. काकांनी बोटातली चांदीची अंगठी काढून ओढली, कागद कोराच राहिला. मण्यावर नखाचा ओरखडा पडला, अंगठीवर पडला नाही. काका गप्प झाले. मग म्हणाले, "कच्ची चांदी मऊ असंल." शंका रास्त होती, म्हणून रासायनिक कस लावायचं ठरवलं.

मणी चाकूने अर्धा कापला. अर्धा भाग पातळ नायट्रिक आम्लात, निम्मं आम्ल आणि निम्मं ऊर्ध्वपातित पाणी, असा धूर ओढणाऱ्या कपाटात कोमट करून विरघळवला. इथे दोन चुका हमखास होतात. आम्ल तीव्र वापरलं तर शिशाचं नायट्रेट त्यात विरघळत नाही, पांढरा थर बसतो आणि माणूस त्यालाच काहीतरी वेगळं समजतो. दुसरी चूक पाण्याची. आपल्याकडच्या बोरचं पाणी क्षारांनी भरलेलं. ते घातलं की त्यातल्या क्लोराइडमुळे द्रावण आपणहून गढूळ होतं आणि पुढची परीक्षा वाया जाते.

निवळ द्रावणात मिठाच्या आम्लाचे, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लाचे, थेंब टाकले. पांढरा साका खाली बसला. शिसं असो की चांदी, दोघांचाही साका पांढराच असतो, म्हणून निकाल इथे लागत नाही. साका धुऊन परीक्षानळीत घेतला, ऊर्ध्वपातित पाणी ओतून उकळला. चांदीचा साका उकळत्या पाण्याला दाद देत नाही. तो अमोनियात विरघळतो आणि उजेडात ठेवला तर जांभळट काळा पडतो. आमचा साका उकळताना दिसेनासा झाला. नळी काकांच्या हातात दिली आणि थंड होईपर्यंत धरून ठेवायला सांगितलं. चार-पाच मिनिटांत त्या स्वच्छ पाण्यात बारीक चमकत्या सुया तरंगू लागल्या. शिशाच्या क्लोराइडचे ते स्फटिक. शेवटी त्यातल्या थोड्या द्रावणात पोटॅशियम आयोडाइड टाकलं, तर हळदीसारखा पिवळा रंग उतरला. चांदीच्या साध्या क्षारातही आयोडाइडने पिवळट रंग येतो, म्हणून हा रंग एकटा पुरावा धरू नये. उकळत्या पाण्यात विरघळून सुया होऊन परत येणं, हा खरा निकाल. उरलेलं सगळं द्रावण शिशाच्या बाटलीत ओतलं, मोरीत नाही.

आता दगड. शेतातच शिशाची शीर असेल तर बोर का घेऊ नये, हा काकांचा पुढचा प्रश्न असणारच होता. दगड हवेत 1150 ग्रॅम भरला, पाण्यात बुडवून 905. हवेतल्या वजनाला पाण्यातल्या घटीने भागलं, घनता साधारण 4.7 आली. तेवढ्याच वजनाचा आपला काळा पाषाण पाण्यात सुमारे 400 ग्रॅम हलका होतो, हा 245 नेच झाला. चकाकणारा भाग ठोकल्यावर चौकोनी ठोकळे पडत होते, झिलई नसलेल्या पांढऱ्या फरशीवर करडी रेघ उमटत होती: गॅलेना. त्याच्या शेजारी मधासारखा, राळेची चमक असलेला तपकिरी पदार्थ होता. त्याची रेघ फिकट पिवळी. पुडीवर दहा टक्के मिठाच्या आम्लाचा थेंब टाकला की सडक्या अंड्याचा वास. हे स्फॅलेराइट, जस्ताचं खनिज. आणि दोघांना धरून ठेवणारा राखाडी खडक? आम्ल पडल्यावर तो शांत राहिला, पण खरवडून पूड केल्यावर हळूहळू फसफसला. डोलोमाइट, चुनखडीचा भाऊबंद.

इथे मराठवाड्याचा खडक आडवा येतो. अंबडची विहीर खणली की काळी माती, मुरूम, भोकाभोकांचा मांजऱ्या, मग काळा पाषाण आणि मधेच एखादा तांबडा गेरूचा थर लागतो. हे सगळं सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचं. त्याच्या पोकळ्यांत गारगोटी, कॅल्साइट, स्टिल्बाइट, अपोफिलाइट मिळतं. जालन्याचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. डोलोमाइटातली शिसं-जस्ताची शीर या लाव्ह्यात नसते. लाव्ह्याखाली काय आहे तेही 1993च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या खोल बोअरने दाखवलं: 338 मीटर बेसाल्ट, म्हणजे हाच काळा पाषाण, त्याखाली थोडा गाळ आणि मग जुना स्फटिकी खडक. तीनशे फूट, म्हणजे नव्वद मीटर, खणून काका त्याच काळ्या पाषाणात राहिले असते.

मग हा दगड आला कुठून? ते नळकांड्याच्या तुकड्याने सांगितलं. मला तर दिवसभरातली सगळ्यांत मोलाची वस्तू तीच वाटली. बाहेरून काचेसारखी वितळलेली काळी झिलई, आत घट्ट जमलेली राखाडी मळी आणि मळीच्या मधोमध बोटभर सरळ पोकळी. ही जस्त गाळायची मूस, उदयपूरच्या दक्षिणेला असलेल्या जावरची. तिथे अरवलीच्या डोलोमाइटात शिसं-जस्ताच्या शिरा आहेत. खाणीतल्या जुन्या लाकडाचं वय दोन हजार वर्षांपलीकडे जातं आणि मध्ययुगात तिथे जस्त मोठ्या प्रमाणावर गाळलं जात होतं. वापरून टाकलेल्या मुशींचे तिथे डोंगर आहेत. घरांच्या भिंतीसुद्धा मुशींच्या.

जस्त गाळणं अवघड का, ते त्या पोकळीत दिसतं. जस्त 907 अंशांना उकळतं, पण धातुकातून ते सुटायला त्याहून जास्त उष्णता लागते. म्हणजे ते सुटतं तेच वाफ होऊन, आणि वाफेला हवा लागली की जळून पांढरी भुकटी होते. जावरच्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराची मूस भाजलेल्या धातुकाने आणि कोळशाने भरली, मधे काडी खोचली, तोंडाला मातीची नळी जोडली आणि मूस उलटी लावली. काडीमुळे माल खाली घसरत नसे. ती जळाली की वाफेला वाट मिळे. वरच्या कप्प्यात आग, खाली थंड कप्पा, मधे भोकांची जाड वीट. एका भट्टीत अशा 36 मुशी. वाफ खाली उतरून नळीत निवायची आणि तिचा पातळ धातू व्हायचा. बिदरी भांड्यांच्या मिश्रधातूत बहुतांश जस्तच असतं, त्यामुळे उदगीर-बिदरकडच्या माणसाला ही धातू परकी नाही.

काकांना विचारलं, शेत रस्त्यालगत आहे का. हो, बांधाला ढाबा, तिथे राजस्थानातून मार्बलच्या गाड्या थांबतात, आणि ढाब्यामागचा खड्डा गाड्यांतल्या राडारोड्याने भरलेला. दगड त्याच भरावात सापडला होता. भिंगाखाली त्याच्या खाचांत काळ्या मातीचा कण नव्हता, पांढरी संगमरवरी भुकटी होती.

काकांनी तिथूनच फोन लावून इसार देत नाही म्हणून सांगितलं. दगड पुन्हा चुलीवर तापवायचा नाही, कारण गंधकाच्या धुराबरोबर शिशाचाही धूर येतो. लेकरांच्या हाती द्यायचा नाही, हात लागला तर साबणाने धुवायचा, हे त्यांच्याकडून वदवून घेतलं. मुशीचा तुकडा त्यांनी संग्रहाला ठेवून दिला. त्याच्या चिठ्ठीवर दोन ओळी वेगवेगळ्या लिहिल्या: "मूळ: जावर, राजस्थान. सापडला: अंबड तालुका, रस्त्याकडेचा भराव."