एम ३३ दिसली एकदाची! पण ताऱ्यांचा चार्ट अजून वाचता येईना

मंडळी, या अमावस्येला अंजनेरीला एम ३३ दीर्घिका दिसली, तीच, मागच्या अख्ख्या सीझनला हुलकावणी देणारी. ८ इंची डॉब (डॉब्सोनियन दुर्बीण), २५ मिमीचा आयपीस, तिरकी नजर (थोडं बाजूला बघायचं), आणि ट्यूबला हलकी टिचकी मारली की धूसर डाग थरथरतो, तेवढ्यात डोळा त्याला पकडतो. सोबतचा पोरगा लगेच "दिसली काका" म्हणाला, त्याचे डोळे तरुण ना. पण तिच्यातल्या एनजीसी ६०४ या तेजोमेघाचा ठिपका मी आधी काढला, बराच वेळ नजर फिरवत बसून. साठीतही डोळा शिकतो राव, फार भारी वाटलं.

३८चा दोन इंची आयपीस घेणार म्हटलेलो, तो कॅन्सल. माझ्या एफ ६ दुर्बिणीला त्याचा एग्झिट प्युपिल, म्हणजे आयपीसमधून बाहेर येणाऱ्या उजेडाच्या झोताची रुंदी, सहा मिमीच्या वर, तरुणपणी ७ मिमीपर्यंत उघडणारी बाहुली या वयात बहुतेकांची पाचच्या आसपास अडते, मग बाकीचा उजेड वायाच. २५ने आकाश काळं झालं आणि माझा सिलिंडर नंबरचा त्रासही कमी झाला.

आता डोकं खाणारं प्रकरण, चार्ट. लाल टॉर्चमध्ये अक्षरं पुसट, दिवसाची +२ची चाळिशी लावूनसुद्धा. कारण लाल रंग डोळ्यात जरा मागे फोकस होतो, तरुण भिंग ते सांभाळून घेतं, आपलं कडक झालेलं असतं, त्यात अंधारात बाहुली उघडी म्हणजे थोडा फरकही लगेच जाणवतो. टॉर्च वाढवला की डोळ्याचं अंधाराला सरावणं, म्हणजे अ‍ॅडाप्टेशन गेलं, आणि वयाबरोबर अंधारात बघायला लागणारं डोळ्यातलं रंगद्रव्य ऱ्होडॉप्सिन परत भरायला वेळ जास्त लागतो, मग बसा तसंच. शेवटी मेनरोडला चष्मेवाल्याकडे टॉर्च घेऊनच गेलो, दुकानातले दिवे बंद करून त्याने एकेक भिंग लावून दाखवलं, +२.५ला अक्षरं स्वच्छ! माणसाने मनापासून वेळ दिला. ऑनलाइनचे तयार चष्मे घेऊ नका, दोन्ही डोळ्यांना एकच नंबर असतो. आणि ऑनलाइनचे बहुतेक लाल टॉर्च भलतेच ब्राइट, मी काचेवर नेलपॉलिशचे दोन हात मारलेत.

चष्म्याची ऑर्डर उद्या देणार होतो, पण हे टाइप करताना सुचलं, बघायच्या उजव्या डोळ्यावर काळी पट्टी बांधली आणि डाव्याने मंद पांढऱ्या उजेडात चार्ट वाचला तर? उजव्याचं अ‍ॅडाप्टेशन शाबूत, लाल रंगाची भानगडच नाही, जुनी +२ चालून जाईल. म्हणजे ऑर्डर थांबवतो, आधी गच्चीवर पट्टी बांधून बघतो. कुणी वापरता का? चष्म्याखाली बसेल अशी पट्टी हवीय, मेडिकलमधली चिकटवायची नको, पापणी ओढली जाते.