झक नारळ

माटोळी म्हणजे चवथीला गणपतीच्या वर टांगायची लाकडी चौकट. तिला नारळ, सुपारी, केळी, चिबूड, आंबाडे आणि रानातलं मिळेल ते सगळं बांधायचं. आमच्या घरची यादी आईच्या निळ्या वहीत आहे. कॉलेजात असताना मी तिचं एक वेबपेज केलं होतं. एचटीएमएल हातानं लिहिलेलं, अर्धे टॅग उघडेच, फॉन्ट टॅगांचा नुसता बुजबुजाट. यंदा चवथीला पंधरा दिवस होते, डिचोलीत पाऊस कोसळत होता. म्हटलं, बसल्या बसल्या ती फाईल तरी साफ करू.

अशा कामाला एचटीएमएल टायडी. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेतल्या डेव्ह रॅगेट यांनी केलेला हा प्रोग्रॅम टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाईप करून, चालतो, उघडे टॅग मिटवतो, ओळी आत-बाहेर सरकवून नीट लावतो. माझ्या लॅपटॉपवर तो होताच. टायडी, डॅश आय, डॅश एम, फाईलचं नाव, एंटर. डॅश एम म्हणजे मूळ फाईलवरच लिही. प्रत ठेवली नव्हती. हो, माहीत आहे.

वॉर्निंगा सरसर वर गेल्या: अमुक कोड बदलला, तमुक कोड टाकून दिला. मी चहा करायला उठलो.

परत येऊन पेज उघडतो तर मराठीचं नाव नाही. डोक्यावर तिरकी रेघ दिलेला रोमन ए, मग एक चलनाचं चिन्ह, मग आणखी काहीतरी. मधूनच जपानी येन. शेजारचे काका पोर्तुगीज काळात लिसेवात (पोर्तुगीज हायस्कुलात) शिकलेले, ते पेपर न्यायला आले होते. चष्मा वर करून त्यांनी पाहिलं. "न्हय रे, हें पोर्तुगेज न्हय," म्हणाले, आणि पेपर घेऊन गेले.

आधी ब्राउझरचं एन्कोडिंग, म्हणजे आकड्यांवरून अक्षरं ओळखायची पद्धत, बदलून पाहिलं. ढिम्म. कारण बिघाड दाखवण्यात नव्हता, फाईलमध्येच होता.

यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये देवनागरी अक्षराला तीन बाइट, म्हणजे ० ते २५५ मधले तीन आकडे, लागतात. पहिला नेहमी २२४, दुसरा १६४ किंवा १६५. माझा टायडी निघाला ३१ ऑक्टोबर २००६ चा. तो, वेगळं सांगितलं नाही तर, फाईल लॅटिन-१ मध्ये, म्हणजे एका बाइटला एक युरोपी अक्षर अशा जुन्या पद्धतीत, आहे असं धरून वाचतो. (५ क्रमांकाच्या नव्या आवृत्त्या यूटीएफ-८ धरतात.) म्हणजे आपल्या एका अक्षराची तीन युरोपी चिन्हं झाली: २२४ म्हणजे तो रेघवाला ए, १६४ चलनाचं चिन्ह, १६५ येन. आणि ती त्यानं एंटिटी म्हणून, म्हणजे अँपरसँडनं (&) सुरू होणाऱ्या सांकेतिक शब्दांत, लिहून ठेवली.

इतकंच असतं तर उलटं फिरवता आलं असतं. पण १२८ ते १५९ मध्ये लॅटिन-१ ला छापण्याजोगं अक्षर नाही, म्हणून टायडी तिथे विंडोजचा जुना अक्षरतक्ता, विंडोज-१२५२, लावतो. त्या तक्त्यात पाच खण रिकामे आहेत: १२९, १४१, १४३, १४४, १५७. तिसरा बाइट त्यांत पडला की कचऱ्यात. आता आपलं तिथे काय राहतं बघा. १६४ च्या मागे चंद्रबिंदू, ऍ, ए, ऐ आणि झ. १६५ च्या मागे ऱ्हस्व उकार आणि पाय मोडायचं चिन्ह (हलन्त). उकार आणि जोडाक्षरं काढून मराठी लिहून दाखवा!

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या चार ओळींनी एंटिटींचे परत बाइट केले, हरवलेल्या जागी फुली मारली. ३१२ फुल्या. यादीची पहिलीच ओळ: फुली, क, नारळ. ‘एक नारळ’, ‘ऐक नारळ’ की ‘झक नारळ’? प्रोग्रॅमच्या दृष्टीनं तिन्ही सारखेच. ‘कुड्याच्या शेंगा’ या नोंदीत तीन फुल्या. प्रत्येक जागी उकार किंवा हलन्त धरला तर आठ शब्द होतात, त्यातला एक खरा.

वही मावशीकडे म्हार्दोळला गेलेली. मग आईला शेजारी बसवलं. मी फुलीसकट वाचायचं, तिनं शब्द सांगायचा. कुड्याला तिला अर्धा सेकंदही लागला नाही. मधे लाईट गेली, तेव्हा लॅपटॉपच्या उजेडात तिनं आंबाडे या वर्षी कुठे मिळतील ते सांगितलं. फुल्या संपायला साडेदहा वाजले.

दुसऱ्या दिवशी कमांड सुधारली: डॅश यूटीएफ-८ घातलं, डॅश एम काढून डॅश ओ देऊन नव्या फाईलचं नाव दिलं. पेज नीट उघडलं. सगळ्यात वर एक फुली सुटी, एकटीच होती, तिच्या मागेपुढे अक्षर नाही. ती मी कचरा म्हणून आदल्या रात्रीच पुसली होती.

आईला दाखवलं. तिनं वाचायला सुरुवातही केली नाही.

"आनी वयलो ओम खंय गेलो?"

१६५ आणि १४४.