चाक फिरेना

सप्टेंबरचा पहिला आठवडा. होडी पाण्यात ढकलून तिसरा दिवस. मी आणि आमचा खलाशी असे दोघेच देवबागहून कर्लीच्या मुखाकडे निघालो होतो. दर पावसाळ्यात नदी तिथली वाळू इकडची तिकडे करते. त्यामुळे मे महिन्यात तोंडपाठ असलेली वाट सप्टेंबरात नव्याने शोधावी लागते. पर्यटक बसवण्याआधी ही एक फेरी करायचीच, हा आमचा शिरस्ता.

ओहोटी लागली होती. पुढे पाण्याचा रंग बदललेला दिसला, म्हणजे वाळूची पट्टी. मी स्टिअरिंगचं चाक उजवीकडे घेतलं. अर्धा फेरा फिरलं आणि अडकलं. जोर लावला तर कुठेतरी मागून कुई असा आवाज, बस. न्यूट्रल केलं, नांगर टाकला आणि शेजारच्या वाडीतल्या एका होडीने दोरी लावून आम्हाला ओढत घरी आणलं. नशीब, होडीत ‘डॉल्फिन नक्की दिसणार ना?’ विचारणारं कोणी नव्हतं. किनाऱ्यावर मात्र बघायला सगळे होते.

खरं सांगायचं तर चाक पहिल्या दिवसापासून जड होतं. मी स्वतःची समजूत घालत होतो. आधी वाटलं, प्रवाहामुळे असेल. मग वाटलं, ट्रिम टॅब हलली असेल. इंजिनच्या पाण्यातल्या पंख्याच्या वरच्या आडव्या पत्र्याखाली माशाच्या कल्ल्यासारखा छोटा तुकडा असतो तो. पंखा एकाच दिशेने फिरतो म्हणून होडी एका बाजूला ओढते, ती ओढ हा तुकडा मोडून काढतो. होडी उजवीकडे ओढत असेल तर त्याचं मागचं टोक थोडं उजवीकडे वळवायचं, डावीकडे ओढत असेल तर डावीकडे. पण टॅबचा दोष असेल तर चाक एकाच बाजूला जड लागतं आणि तेही वेगात. माझं दोन्हीकडे जड होतं आणि इंजिन बंद असतानाही. हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

चाक फिरवलं की मागे लावलेलं इंजिन वळतं, ते केबलमुळे. संध्याकाळी मालवणातल्या दुकानात फोन करून त्या केबलचा भाव विचारला. माझ्या केबलच्या काळ्या आवरणावर नंबर छापलेला आहे, त्यातले शेवटचे दोन आकडे 14, म्हणजे 14 फूट. ऑर्डर देणारच होतो, तेवढ्यात तात्या आले. आयुष्यभर तांडेल होते, आता गुडघ्यांमुळे किनाऱ्यावरच बसतात. मी चाकाला लोंबकळतोय हे बघून म्हणाले, “मेल्या, चाक कित्याक वडतंस? आधी जोड सोडव. मगे बघ, कोण जड आसा ता.”

चाक आणि इंजिन यांच्यात तीन-चार जागा अशा आहेत, जिथे जीव अडकू शकतो. चाकामागची पेटी, केबल, केबलचा दांडा ज्या नळीतून जातो ती टिल्ट ट्यूब आणि इंजिन ज्या खुंटावर वळतं तो खुंट. सगळ्या एकमेकींना जोडलेल्या, म्हणून चाकावर बसून कोणती दुखतेय ते कळत नाही. ओढत राहिलं तर एक तर पेटीतले दाते जातात, नाहीतर केबल.

दांड्याचं टोक आणि इंजिनचा स्टिअरिंग आर्म यांच्यामध्ये लिंक रॉड असतो. त्याचा नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप न सुटणारा नट, काढला आणि रॉड बाजूला केला. मग इंजिन हाताने ढकललं. अगदी पाळण्यासारखं इकडून तिकडे गेलं. म्हणजे खुंट निर्दोष. हे बरंच झालं, कारण खुंट आतून फुगून आवळला असता तर इंजिन उतरवायची पाळी आली असती.

चाक मात्र तसंच. आता उरल्या पेटी, केबल आणि नळी. नळीच्या तोंडाशी केबलचा मोठा नट असतो, तो सोडवला. आता केबल दांड्यासकट मागे सरकून बाहेर यायला हवी. तसूभर हलली नाही. तिथेच मला गुन्हेगार दिसला, पण तात्यांना त्याच्याही मागचा दिसला.

“पावसाच्या आधी ग्रीस मारलंस?”

“मारलं ना. चांगलं भरभरून.”

“मारलंस तेवा दांडो भायर होतो काय भितर?”

बाहेर होता. मला आठवतंय, कारण मेअखेर होडी वर काढून माडाखाली झापांनी झाकली, तेव्हा इंजिन एका बाजूला वळलेलंच होतं. दांडा नळीतून पूर्ण बाहेर. नळी मोकळी. मी निपलला गन लावून ती मोकळी नळी गच्च भरली, वर स्वतःवर खूश झालो. दांडा परत आत यायचा तर त्या ग्रीसने जायचं कुठे? जॅकमध्ये तेल कोंडावं तसं ते कोंडलं. त्यात ते गाडीच्या चॅसिसला लावायचं साधं ग्रीस. खाऱ्या पाण्याने आधी त्याचा फेस झाला, मग तीन महिन्यांत दगड. आणि बाहेर राहिलेल्या दांड्यावर मिठाचे कण, तो परत नळीत जाताना कानशीसारखा घासत होता.

तात्या फक्त म्हणाले, “मगे झालाच.”

त्या रात्री दोन्ही टोकांनी डब्ल्यूडी-40 मारून ठेवलं. सकाळी पुन्हा मारलं. खलाशी गॅसची बत्ती घेऊन आला होता, त्याला हाकललं. शेजारी पेट्रोलची टाकी, नळीत प्लास्टिकचे बुश. ऊब द्यायचीच तर उकळतं पाणी ओतावं. तसं दोन किटल्या ओतलं. मग दांड्याच्या टोकावर फणसाच्या लाकडाचा ठोकळा धरून हळूहळू ठोकलं. थेट हातोडा मारायचा नाही, टोक पसरलं की ते नळीतून कधीच जात नाही. विसाव्या-पंचविसाव्या ठोक्याला बारीकसा ‘टक’ आवाज आला. सुताएवढं सरकलं. मग अर्धा इंच. दुपारी जेवायच्या आधी केबल बाहेर.

नळीतून जे निघालं ते ग्रीस म्हणवत नाही. वाळलेल्या काजूच्या चिकासारखं काळपट, नखाने खरवडलं तर तुकडे पडणारं. नळी आतून पाच सूत. एका बारीक सळईला करवतीने चीर पाडली, चिरेत पॉलिशपेपरची पट्टी अडकवली आणि सळई ड्रिलमध्ये लावली. डिझेल, पट्टी, फडका, परत डिझेल. सातवा फडका जवळजवळ पांढरा निघाला तेव्हा थांबलो.

केबल मोकळी असताना चाक एका बोटाने फिरलं. म्हणजे पेटी शाबूत, केबलही शाबूत. तरी तिचं आवरण बोटांनी पूर्ण चाचपलं. कुठे तडा, फुगवटा किंवा गंजाचा डाग दिसला तर ती केबल फेकायची, आत तेल सोडायचे उद्योग करायचे नाहीत. वळणंही बघितली. आठ इंचांपेक्षा लहान त्रिज्येचं वळण असेल तर नवी केबलसुद्धा जडच चालते. नव्या केबलची ऑर्डर वाचली.

जोडताना दांडा पूर्ण आत घेतला, मगच मरीन ग्रीसचे मोजके दाब दिले. नायलॉक नट नवा टाकला. जुना पुन्हा वापरणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण त्यांच्या होडीत बसतही नाही.

मागच्या फळीवर, इंजिनच्या शेजारी, मी लाल ऑइलपेंटने लिहून ठेवलंय: ‘दांडा आत, मग ग्रीस’. परवा पुण्याचं एक कुटुंब बसलं होतं. त्यांच्यातल्या आजींनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, “होडीचं नाव असं का हो ठेवलंत?”