घड्याळ सुटलं, लेन चार सापडली

पळताना माझं GPS घड्याळ अंतर वाढवून दाखवतं, म्हणून मागच्या वेळी त्याला घातलेल्या शिव्या परत घेतोय. निम्म्या तरी.

पुण्यात सणस मैदानाच्या ट्रॅकवर 25 फेऱ्या मारल्या, म्हणजे सरळ 10 किमी. घड्याळ दाखवतंय 10.61! मेट्रोच्या पुलाखाली वाढवतंय ते समजू शकतो, पण उघड्या ट्रॅकवर? फर्मवेअर (घड्याळाचं आतलं सॉफ्टवेअर) बदललं, जागेची नोंद दर सेकंदाला केली, ड्युअल फ्रीक्वेन्सी (उपग्रहाचे दोन वेगळ्या फ्रीक्वेन्सींचे सिग्नल घेणं) लावली, पळायच्या आधी पाच मिनिटं आभाळाखाली पुतळ्यासारखा उभा राहिलो. तरी आकडा हलेना. 10.60, 10.62.

काल बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि नाकासमोर पांढऱ्या रंगात भलामोठा 4. आतल्या लेनमध्ये पोरांचे इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं हळू असं आलटून-पालटून पळणं) चालतात, म्हणून मी सवयीनं चौथीत पळतो. पण 400 मीटर फक्त पहिल्या लेनचे, तेही आतल्या कडेपासून 30 सेंमीवर मोजलेले. लेनची रुंदी 1.22 मीटर धरली तर चौथीची फेरी 422.37 मीटर. गुणिले 25, झाले 10.559 किमी. घड्याळ चुकलंय 50 मीटरनी, जेमतेम अर्धा टक्का. तेवढं समजण्यासारखं आहे: घड्याळानं नोंदवलेले जागेचे ठिपके खऱ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना नाचतात, जोडले की नागमोडी रेघ होते आणि ती भरतेच जास्त. एवढ्या आनंदात दोन फेऱ्या फुकट मारल्या.

मेट्रोखालच्या वनाज ते गरवारे रस्त्यावर मात्र अजून बोंब आहे. वरून पूल, बाजूला इमारती. सिग्नल भिंतीवर आपटून उशिरा पोचतो आणि घड्याळाला वाटतं उपग्रह लांब गेला. 100 नॅनोसेकंद उशीर म्हणजे 30 मीटर. ड्युअल फ्रीक्वेन्सीनं फरक पडतो, पण पुलाखाली थेट सिग्नलच कमी, ती तरी काय करणार?

म्हणून आता फूटपॉड, म्हणजे बुटाला लावून पावलांवरून अंतर मोजणारा सेन्सर. त्याच 25 फेऱ्यांत त्यानं 10.31 दाखवले, म्हणजे दुरुस्तीचा फॅक्टर 102.4 टक्के (10.559 भागिले 10.31). (दुकानदार म्हणाला होता, कॅलिब्रेशन लागतच नाही. विकणाऱ्याला काय, पळायचं आपल्याला.) रविवारी अंतर पॉडकडून घेऊन मेट्रोखाली जाणार. बाटली उजव्या हातात. गेल्या खेपेला घड्याळाच्याच हातात धरली होती. हात हलेना, त्यामुळे सिग्नल तुटला तिथे घड्याळाचा पावलांचा अंदाजही गंडला.

थांबा, हे लिहिताना सुचलं: पॉड बरोबर की चूक, हे तरी कशावरून ठरवणार? शर्यतीचे रस्ते सायकलच्या चाकानं मोजतात, तेच करू. रविवारचं पळणं रद्द. पुतण्याची सायकल, व्हॉल्व्हपाशी नेलपॉलिशची खूण, आणि चाकाचे फेरे मोजायचे. आधी पोलादी टेपनं आखलेल्या तुकड्यावर चार वेळा, काम झाल्यावर पुन्हा चार वेळा, कारण ऊन चढलं की टायरमधली हवा फुगते आणि परीघ बदलतो. टेप 50 मीटरची हवी, माझी 5 ची आहे. कोणाकडे असेल तर शनिवारपर्यंत सांगा.