अँटिबायोटिक लिहून दिलंय, घेऊ का?

पावसाळा लागला की हा प्रश्न हमखास येतो: "सर्दी-तापाला डॉक्टरांनी अझिथ्रोमायसिन दिलंय. खरंच गरज आहे, की उगाच?" तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्टच सांगतो. नुसती सर्दी, नाक गळणं, खोकला आणि अंगदुखी असेल तर बहुतेक वेळा गरज नसते.

हे आजार विषाणूंचे. अमॉक्सिसिलिन जिवाणूला त्याची भिंत बांधू देत नाही, अझिथ्रोमायसिन त्याचा प्रथिनं बनवायचा कारखाना बंद पाडतं. विषाणूकडे ती भिंतही नाही आणि तो कारखानाही नाही. शेंबूड हिरवा झाला म्हणजे जिवाणू आले, हाही गैरसमज आहे. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या द्रव्याचा असतो. सर्दी सात ते दहा दिवस चालते, खोकला तीन आठवडेही रेंगाळतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरणारच असतो, पण श्रेय गोळीला मिळतं आणि पुढच्या वेळी आपणच ती मागतो.

घसा दुखत असेल तर डॉक्टर चार गोष्टी बघतात: ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, टॉन्सिलवर पांढरे ठिपके किंवा पू, गळ्याच्या पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी आणि खोकला नसणं. यातल्या तीन-चार जुळल्या तर जिवाणूची शक्यता धरायची. खोकला, शिंका आणि बसलेला आवाज असेल तर ती फार कमी.

मग डॉक्टर लिहून का देतात? एका पेशंटला मिळतात जेमतेम काही मिनिटं. कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवून बघण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात आणि पेशंट पुन्हा दाखवायला येईल याची खात्री नसते. त्यात समोरचा म्हणतो, "हेवी डोस द्या, सोमवारी कामावर जायचंय." ही अडचण खरी आहे. तरीही त्या भीतीपोटी दिलेल्या गोळीची किंमत पेशंटच्या आतड्यातले जिवाणू मोजतात. औषधाला दाद न देणारे तेवढे तगतात, वाढतात आणि तो गुण शेजारच्या जिवाणूंनाही देतात. पुढे लघवीचा साधा संसर्ग झाला तरी कधी कधी गोळ्या चालत नाहीत, इंजेक्शनं घ्यावी लागतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो टायफॉईडचा. ताप येऊन दोन दिवस झाले की विडाल करतात आणि "थोडा टायफॉईड निघालाय" असं सांगतात. थोडा टायफॉईड असा काही आजार नाही. विडाल रक्तातली प्रतिद्रव्यं मोजते. ती साधारण आठवड्याने वाढतात, शिवाय जुन्या संसर्गामुळे किंवा लशीमुळेही दिसू शकतात. खरी तपासणी ब्लड कल्चरची. ती पहिल्या आठवड्यात आणि अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी व्हायला हवी, कारण गोळी पोटात गेल्यावर रक्तातले जंतू सापडणं अवघड होतं. म्हणून टायफॉईडचा संशय असेल तर आधी रक्त द्या, मग औषध सुरू करा.

जुलाबांनाही बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागत नाही. पाण्यासारखे जुलाब होत असतील तर ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात कालवून घ्यायचं, आणि सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम झिंक १४ दिवस. शौचातून रक्त पडलं तर डॉक्टर गाठा.

काही तापांत मात्र थांबणं धोक्याचं असतं. मुंबईत किंवा कोकणात तुंबलेल्या पाण्यातून, चिखलातून चालल्यानंतर ताप आला तर ते आपणहून सांगा. लेप्टोचा, म्हणजे अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा, संशय असेल तर डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकसाठी रिपोर्टची वाट बघत नाहीत. दोन महिने ते एक वर्षाचं बाळ मिनिटाला ५० किंवा जास्त श्वास घेत असेल, एक ते पाच वर्षांचं मूल ४० किंवा जास्त, तर न्यूमोनिया असू शकतो. लगेच दाखवा.

बाकीच्या वेळी डॉक्टरांना विचारा: "संसर्ग नेमका कुठे वाटतोय? दोन दिवस थांबलं तर चालेल का?" चालेल म्हणाले तर चिठ्ठी जपून ठेवा आणि कोणती लक्षणं दिसली की गोळी सुरू करायची ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या. मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय मात्र घेऊ नका. सेफिक्झाईमसारखी अँटिबायोटिक्स २०१४ पासून एच-वन यादीत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांच्या यादीत, आहेत. ती विकताना पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव दुकानदाराला रजिस्टरमध्ये लिहावं लागतं.

आणि फ्रीजमधलं ते उरलेलं सिरप. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडची पावडर पाण्यात कालवली की औषध फ्रीजमध्येही सातच दिवस टिकतं. बाटलीवरच्या खुणेपर्यंत उकळून गार केलेलं पाणी घाला, त्या दिवसाची तारीख लेबलवर लिहा आणि दर वेळी हलवून द्या. आठव्या दिवशी उरलेलं टाकून द्या, धाकट्याच्या खोकल्यासाठी ठेवू नका.